आलेले आणि गेलेले : मराठी साहित्यातील बदलती वस्ती

१

मराठी साहित्यात वस्तीची वर्णने पुष्कळ आढळतात. वस्ती बदलते म्हणजे नेमके काय घडते, ह्याचा विचार मात्र विरळा. चाळ, वाडा, गल्ली आणि झोपडपट्टी ह्यांनी आमच्या कथा-कादंबऱ्यांना व नाटकांना गेली कित्येक दशके विषय पुरविले आहेत. त्यांतील उत्तम कृती एकापुढे एक ठेवून वाचल्या की एक गोष्ट मनात ठसते. वस्तीतून जो गेला किंवा जायला निघाला, त्याच्याविषयी आमचा लेखक जीव ओतून लिहितो. वस्तीत जो आला, त्याच्या वाट्याला एक तर विनोदी पात्राची भूमिका येते, नाही तर संकटाची. गेलेल्याला चरित्र मिळते. आलेल्याला केवळ उच्चार मिळतो. ह्या उणिवेची थोडी चर्चा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या चर्चेला बैठक म्हणून मुंबई किंवा पुणे न घेता आम्ही कुंभकोणमजवळचे मरुदानल्लूर घेतले आहे. आमचे बिऱ्हाड सध्या ह्याच भागात आहे, हे त्याचे लहानसे कारण. मोठे कारण असे की, मराठी माणूस वस्तीत ‘आलेला’ कसा दिसतो, हे पाहायचे तर त्यासाठी कावेरीच्या खोऱ्यासारखी दुसरी जागा नाही. शिवाय हे मासिक वाचणारे बहुतेक वाचक बदलीच्या हुकमाबरोबर परप्रांती आलेले आहेत. ‘आलेला’ ह्या शब्दाचा अर्थ त्यांना कोशात पाहावा लागत नाही.

प्रथम एका परदेशी शब्दाचा विचार करू. लंडनमधील समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास ह्यांनी १९६४ साली ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द योजिला. इझलिंग्टनसारख्या कामगारवस्तीत सुखवस्तू मध्यमवर्ग जुनी घरे घेऊन ती सजवू लागला, भाडी चढली आणि मूळचे भाडेकरू एकेक करून बाहेर पडले. ह्या क्रियेचे त्यांनी ते नाव ठेवले. मराठीत ह्याला रूढ प्रतिशब्द नाही. वस्तीचे उच्चभ्रूकरण असे फार तर म्हणता येईल. ह्याच विदुषीने त्याआधी चार वर्षे, म्हणजे १९६० साली, वेस्ट इंडीज बेटांतून लंडनला आलेल्या लोकांवर ‘न्यूकमर्स’ नावाचा ग्रंथ लिहिला होता. त्या स्वतःही बर्लिनमध्ये जन्मून लंडनला आलेल्या. वस्तीत येणाऱ्यांचे दोन प्रकार त्यांनी असे जवळून पाहिले होते: एक हातांचे बळ घेऊन येणारा, आणि दुसरा पैसा घेऊन येणारा. पहिल्याच्या येण्याने वस्तीत दाटी होते. दुसऱ्याच्या येण्याने जुन्या बिऱ्हाडांना जागा सोडावी लागते. लोकांचा राग मात्र बहुधा पहिल्यावर निघतो, कारण तो रोज नळावर, गाडीत, बाजारात दिसतो. दुसरा दिसतो तो कागदपत्रांत. हा फरक आमच्या साहित्याने कितपत ओळखला, ही आमची कसोटी आहे.

२

मराठे ह्या भागात आले ते तिसऱ्याच प्रकाराने, राज्यकर्ते म्हणून. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर स्थिर झाले आणि त्यांच्या मागोमाग सरदार, कारकून, शास्त्री, कीर्तनकार, आचारी असा सारा लवाजमा आला. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (१६८४ ते १७१२) स्वतः ग्रंथकार होते. त्यांनी १६९३ साली कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसांहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला शहाजीराजपुरम् असे नाव पडले. राजाच्या सनदेने एका गावाचे नाव, मालकी आणि वस्ती ही तिन्ही बदलावीत, ह्याला आजच्या भाषेत काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. विद्येचा उत्कर्ष झाला, हे खरेच. परंतु ज्यांच्या श्रमावर ती भातशेती पिकत होती, त्यांना त्या सनदेत आवाज नव्हता, हेही तितकेच खरे.

ह्याच तिरुविसनल्लूरची एक आख्यायिका ह्या मुलखात सर्वांना ठाऊक आहे. शहाजीराजांच्या काळातील श्रीधर अय्यावाळ ह्यांच्या घरी पित्याचे श्राद्ध होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचा एक भुकेला मनुष्य दारी आला आणि अय्यावाळांनी श्राद्धाचे अन्न त्याला वाढले. अग्रहाराने त्यांना वाळीत टाकले आणि गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगितले. तेव्हा गंगाच त्यांच्या विहिरीत उसळून आली, अशी श्रद्धा आहे. आजही तमिळ कार्तिक महिन्याच्या अमावास्येला लोक त्या विहिरीवर स्नानाला जमतात. ह्या कथेतील चमत्कार बाजूस ठेवला तरी तिच्यात वस्तीविषयीचे एक कटू निरीक्षण उरते. राजाश्रयाने ज्यांची नवी वसाहत झाली, त्यांनी एका पिढीच्या आत आपल्यामागे दार लावून घेतले. आलेला मनुष्य किती लवकर ‘मूळचा’ होतो, आणि मूळचा झाल्याबरोबर किती लवकर पहारा बसवितो, ह्याचे याहून नेमके चित्र आम्ही कोणत्याही आधुनिक कादंबरीत वाचलेले नाही.

मरुदानल्लूरचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर कळते. येथील सद्गुरुस्वामी (१७७७ ते १८१७) हे बोधेंद्र आणि अय्यावाळ ह्यांच्या बरोबरीने दक्षिणेतील नामसंकीर्तन परंपरेच्या तीन आचार्यांपैकी एक मानले जातात. विस्कळीत असलेल्या भजनाला त्यांनी क्रम लावून दिला. आरंभी तोडय मंगलम्, मग गुरुध्यान, जयदेवाची अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग, पुढे निरनिराळ्या संतांची पदे आणि दिव्याभोवती फेर धरून गावयाचे दिव्यनाम, अशी ही पद्धती आहे. तीत संस्कृत, तेलुगू, तमिळ, कन्नड ह्यांच्याबरोबर मराठी अभंगांनाही जागा आहे. अभंग केव्हा गावयाचा हे ठरलेले असते. त्यासाठी दुसऱ्या कोणाचे पद काढून टाकावे लागत नाही आणि अभंगालाही तमिळ वेष चढवावा लागत नाही.

ह्या भजनांची पुस्तके तमिळ लिपीत छापतात. तमिळ लिपीत क, ख, ग, घ ह्या चारींसाठी एकच अक्षर आहे. तेव्हा अशा पुस्तकांत त्या एका अक्षराच्या माथ्यावर २, ३, ४ असे बारीक आकडे घालून परक्या भाषेतील उच्चार दाखविण्याचा प्रघात आहे. यजमान भाषेने आपली वर्णमाला मोडली नाही आणि पाहुण्या भाषेला तिचे वळण टाकावयास लावले नाही; केवळ एक आकडा वाढविला. गाताना महाप्राण कधी निसटतो, हे आमच्या कानाला जाणवते. पण तुकोबांचा अभंग महाराष्ट्रापासून इतक्या दूरच्या गावात पाठ म्हटला जातो, हेही त्याच कानाला ऐकू येते.

ह्याउलट उदाहरण तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात आहे. सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा विस्तृत इतिहास त्या मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. मराठीतील हा फार मोठा शिलालेख आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने त्याचे मोल वादातीत आहे. गंमत अशी की, त्याआधी चारच वर्षे, १७९९ साली, राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला होता आणि राजाकडे किल्ला तेवढा उरला होता. सत्ता गेल्यावर वंशावळ दगडात गेली. पुढे १८५५ साली शेवटचे राजे शिवाजी पुरुष वारसावाचून वारले आणि गादीही संपली. आज मंदिरात येणाऱ्यांपैकी तो लेख वाचू शकणारे फार थोडे. दगडावरची मराठी जागच्या जागी आहे. भजनातली मराठी मात्र हिंडती राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरला आले, त्यांचे कीर्तन तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी ऐकले आणि त्यातून तमिळ हरिकथेचे नवे रूप घडले. साकी, दिंडी, ओवी ही मराठी नावे तमिळ हरिकथेत त्याच नावांनी नांदू लागली. मालकी सांगणारी भाषा आणि शेजार मागणारी भाषा ह्यांच्या नशिबात एवढे अंतर पडते.

मरुदानल्लूरचे गोडवे गाऊन थांबणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. भजनाच्या क्रमात अनेक भाषांना जागा होती, परंतु अग्रहाराच्या रस्त्यावर सर्व माणसांना ती नव्हती. आणि काळाने त्या रस्त्यांचाही हिशेब केला. इंग्रजी शिक्षण घेऊन येथील ब्राह्मण कुटुंबे मद्रास, मुंबई, दिल्ली आणि पुढे परदेशी गेली. १९५२ चा कूळ व शेतगडी संरक्षणाचा कायदा आणि १९६१ चा जमीनधारणेचा कायदा ह्यांनी उरलीसुरली जमीनदारीही सैल केली. मरुदानल्लूरच्या शेजारच्या तिप्पिराजपुरम् ह्या गावाचा अभ्यास सी. जे. फुलर आणि हरिप्रिया नरसिंहन् ह्यांनी केला. जमीनदारांची मुले संगणकतज्ज्ञ कशी झाली आणि अग्रहारातील घरे ब्राह्मणेतरांकडे कशी गेली, हे त्यांनी दाखविले आहे. आता कुंभकोणमच्या आसपास काही जुन्या घरांची डागडुजी करून त्यांत प्रवाशांसाठी महागडी निवासस्थाने थाटलेली दिसतात. ओसरी तीच, खांब तेच; आत झोपणारा मात्र दोन रात्रींचा. सनदेने वसलेला अग्रहार असा आज भाड्याने मिळतो.

३

हे सर्व मनात ठेवून आमच्या साहित्याकडे वळू. वस्तीच्या साहित्यात पहिला मान अर्थातच पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) ह्या पुस्तकाचा. साठ बिऱ्हाडांचा तो संसार मराठी वाचकाच्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यावर टीका करणे म्हणजे आपल्याच आजोळावर टीका करण्यासारखे वाटते. ‘एक चिंतन’ ह्या शेवटच्या प्रकरणात हसता हसता लेखकाचा स्वर खाली येतो आणि सरत्या चाळीची हुरहूर मनाला स्पर्श करते. सार्वजनिक नळ आणि सार्वजनिक गॅलरी ह्यांनी माणसांना भांडावयास लावले, आणि म्हणूनच एकमेकांचे केले, ही त्या पुस्तकाची दृष्टी खोटी नाही.

परंतु ह्या चाळीत सोकाजी त्रिलोकेकर नावाचा एक गृहस्थ राहतो. तो पाठारे प्रभू, म्हणजे मुंबईच्या जुन्यातल्या जुन्या रहिवाशांपैकी. गिरगावात एके काळी नारळीच्या वाड्या होत्या. त्या तोडून चाळी उठल्या आणि कोकणातून व देशावरून आलेल्या बिऱ्हाडांनी त्या भरल्या. ह्या हिशेबाने चाळीतील इतर मंडळी उपरी, आणि त्रिलोकेकर मूळचा. असे असून वाचक खळखळून हसतो ते त्रिलोकेकराच्या बोलीवर. ज्याच्या गावात आपण येऊन राहिलो, त्याचीच भाषा आपल्याला विनोदी वाटू लागली! लेखकाने हे जाणूनबुजून केले असे आमचे म्हणणे नाही. त्यांचे हास्य निर्विष आहे. पण मराठी मध्यमवर्गाचे ‘मूळचेपण’ किती अलीकडचे आहे, ह्याचा पुरावा इतक्या आनंददायक पुस्तकात इतक्या सहजपणे दडून राहावा, हे समीक्षकाने सांगितलेच पाहिजे.

आलेल्यांना मध्यभागी ठेवणाऱ्या कादंबऱ्या आमच्याकडे आहेत. जयवंत दळवी ह्यांची ‘चक्र’ (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिक ह्यांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) ह्या दोन्ही झोपडपट्टीत शिरल्या आणि त्यांनी सदाशिवपेठी वाचकाला जो धक्का दिला तो आवश्यकच होता. तथापि आज वाचताना त्यांत एक मर्यादा जाणवते. त्यांतील माणसे परिस्थितीच्या गाळात रुतलेली दिसतात. त्या गाळावर त्यांनी काय बांधले, हे त्या मानाने कमी दिसते. झोपडीला पत्रा मिळविणे, पाण्याची सोय लावणे, शिधापत्रिकेसाठी खेटे घालणे, देवळाची वर्गणी काढणे, ही सारी वस्ती उभारण्याची कर्तबगारी आहे. तिच्याकडे कारुण्याच्या चष्म्यातून पाहिले की कर्तबगारीचा अंश पुसट होतो. आलेला मनुष्य दयेचा विषय झाला, शेजारी झाला नाही.

ह्या बाबतीत नारायण सुर्वे ह्यांची कविता अपवाद वाटते. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) ह्या संग्रहांचा कवी गिरणगावात अनाथ म्हणून वाढला. वस्तीनेच त्याला घर दिले. म्हणून त्याच्या कवितेत दाऊद शीगवाल्यासारखा मनुष्य येतो तेव्हा तो कोठून आला, ही विचारपूस होत नाही. तो काय सांगून गेला, हे ऐकले जाते. दोन ओळींत माणसाला शेजारी करण्याची ही शक्ती आमच्या गद्याला क्वचितच साधली.

४

ह्या विषयावरील सर्वांत समर्थ मराठी कृती, आमच्या मते, जयंत पवार ह्यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक होय. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्या संपाचा रीतसर शेवट कधी झालाच नाही. त्या काळातील गिरणगावातली एक खोली, एक आई, लेखक होऊ पाहणारा एक मुलगा, क्रिकेटात गुंतलेला दुसरा, गुन्हेगारीत ओढला गेलेला तिसरा आणि एक मुलगी, एवढ्यावर पवारांनी एका वस्तीचा अस्त दाखविला आहे. ह्या नाटकात हळवेपणा नाही. एकत्र राहणे म्हणजे प्रेम, असा भाबडा सिद्धान्त ते मांडत नाही. उत्पन्न बंद झाले की तीच दहा बाय बारा फुटांची खोली माणसांना कशी चावू लागते, हे ते दाखविते. ‘बटाट्याची चाळ’ जेथे हुरहुरते तेथे ‘अधांतर’ दात आवळते.

तरीही एक प्रश्न उरतो. ह्या कुटुंबाच्या जागेवर उद्या कोण येणार? तो रंगमंचावर येत नाही. नाटकाच्या शिस्तीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. संकटाचा चेहरा दिसत नाही म्हणूनच ते असह्य होते. पण एका नाटकाचा हा गुण संपूर्ण साहित्याची सवय होऊन बसला की त्याचा दोष होतो. गिरणगाव कोणी रिकामे केले, ह्याचे उत्तर आमच्या ललित साहित्यात शोधू जाता हाती फारसे लागत नाही. ते नियमांच्या पुस्तकात सापडते.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने असे ठरविले होते की, गिरणीची जमीन विकासाला काढावयाची तर तिचा सुमारे एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळावा. २००१ साली ह्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणीच्या हिशेबात इमारतींखालची जमीन न धरता केवळ आधीच मोकळी असलेली जमीन धरावयाची ठरली. गिरण्यांच्या आवारात बहुतेक जमीन इमारतींखालीच असते, हे सांगावयास नको. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली ह्याविरुद्ध निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरविला आणि दुरुस्ती कायम केली. आमच्यासारख्या सरकारी कारकुनाला हे वाचून एकच वाटते: ‘मोकळी’ ह्या एका विशेषणाने जेवढी बिऱ्हाडे हलविली, तेवढी कोणत्याही गुंडाने हलविली नसतील. शब्दावर जगणाऱ्या साहित्याने ह्या शब्दाकडे वळूनही पाहू नये, हे नवल नव्हे काय?

फिनिक्स मिलच्या आवारात आज आलिशान बाजारपेठ आहे. पवारांनीच पुढे आपल्या एका कथासंग्रहाला ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हे नाव दिले (२०१०) आणि त्याला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तो दुसरा आलेला, म्हणजे पैसा घेऊन आलेला, त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात येऊ लागला होता. २०२१ साली त्यांचे निधन झाले. वस्तीच्या साहित्याची ही मोठी हानी होय.

एक गोष्ट मात्र सरसकट विधानाला आवर घालते. वरळीच्या बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या. खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील ५५६ कुटुंबांना त्याच जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. येथे वस्ती बदलली, पण माणसे निदान आज तरी तीच राहिली. उंच इमारतीचा देखभाल खर्च त्यांच्या मुलांना झेपेल काय, गॅलरीवाचून शेजार टिकेल काय, हे प्रश्न खुले आहेत. ह्या संधिकाळावर कोणी कादंबरी लिहील, तर ती केवळ विलापाची होऊ नये.

५

मरुदानल्लूरच्या भजनाची गोष्ट आम्ही अर्धीच सांगितली. कावेरीकाठची जी कुटुंबे नोकरीसाठी बाहेर पडली, त्यांतील पुष्कळ मुंबईला माटुंग्यात वसली. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याचा भाग आखून वसविला होता. त्या नव्या वस्तीत हे लोक आले. त्यांनी शाळा काढल्या, मंदिरे बांधली आणि भजनमंडळे चालविली. त्या भजनांत, ठरलेल्या क्रमाने, तुकोबांचा अभंग होताच. म्हणजे मराठी अभंग तंजावरला गेला आणि दीड-दोन शतकांनी तमिळ कंठातून पुन्हा मुंबईला परतला. पंढरीच्या वाटेवरचा हा वळसा केवढा लांबचा!

त्याच मुंबईत १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली आणि तिच्या आरंभीच्या प्रचाराचा रोख कचेऱ्यांतील दाक्षिणात्य कारकून-अधिकाऱ्यांवर होता. मराठी तरुणाला नोकरी हवी होती आणि आपल्याच शहरात ती मिळत नाही, हे त्याचे दुःख खरे होते. त्याची टवाळी करण्याचा आमचा विचार नाही. राजकारणाचा निवाडा करणे हे ह्या लेखाचे कामही नव्हे. आमचा प्रश्न साहित्याला आहे. एवढ्या मोठ्या क्षोभाच्या मध्यभागी जो माटुंग्याचा कारकून होता, तो सायंकाळी घरी जाऊन अभंग म्हणत असे, ही गोष्ट मराठी कथेच्या ध्यानात का आली नाही? तो त्या काळच्या कथेत असतोच, पण ‘अय्यो’ म्हणण्यापुरता. हातांचे बळ घेऊन आलेल्यावर राग निघाला. आणि वीस-पंचवीस वर्षांनी पैसा घेऊन येणाऱ्याने गिरणगाव घेतले, तेव्हा तो राग खर्ची पडून गेला होता. साहित्याने हे दोघे वेगवेगळे दाखविले असते तर इतिहास बदलला असता, असा दावा कोणी करू नये. पण वाचकाला निदान डोळे मिळाले असते.

आता थोडे आपल्याविषयी. महाराष्ट्राबाहेर निघणाऱ्या मराठी मासिकांत आणि मंडळांच्या विशेषांकांत जे ललित लेखन येते, त्याचा साचा ठरून गेला आहे. परगावी पुरणाला हवी तशी डाळ मिळत नाही. दिवाळीला गावची आठवण येते. शेजारच्या मामी सारे समजूतदारपणे करतात, पण त्यांचे हिंदी ऐकून पोट दुखेपर्यंत हसू येते. शेवटी बदलीचा हुकूम येतो आणि मामींच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. ह्या लेखनात खोटे काही नाही. परंतु त्यात आपण नेहमी ‘गेलेले’ असतो, गावाहून दूर गेलेले. आपण कोणाच्या तरी वस्तीत ‘आलेले’ आहोत, हे त्यात कधी येत नाही. सरकारी नोकराचा पगार पहिल्या तारखेच्या आसपास नक्की येतो, घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे ठरतो, आणि दोन-तीन वर्षांनी तो जागा सोडणार हेही निश्चित असते. म्हणून घरमालकाला तो आवडतो. आपण भाडे न घासता देतो आणि त्या गल्लीत पुढच्या भाडेकरूला तोच आकडा ऐकविला जातो. आपण हातांचे बळ घेऊन आलो की पैसा घेऊन, ह्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला, तंजावरी मराठी घराण्यात जन्मले आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. परगावी नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचे ते जणू मूळपुरुषच. त्यांच्यासारखी माणसे तेथील भाषेत वावरली, तेथील कारभारात मुरली. त्यांच्या घराण्यांची वस्ती दीडशे वर्षांची होती. आमच्या पिढीची वस्ती तीन वर्षांची असते, हे मान्य. पण तीन वर्षांत एक भाषा वाचावयास शिकता येते, एका गल्लीचा पूर्वेतिहास विचारता येतो, आणि आपल्या खोलीत आपल्या आधी कोण राहत होते आणि ते कोठे गेले, हे घरमालकाला विचारावयास तर तीन मिनिटे पुरतात. ज्या कथेत हा प्रश्न विचारलेला असेल, ती कथा आम्हांला ह्या मासिकात वाचावयाची आहे.

तमिळमध्ये ‘ळ’च्या जवळचा, पण त्याहून निराळा असा एक वर्ण आहे, ‘तमिळ’ ह्या शब्दाच्या शेवटी तोच येतो. मराठीच्या रूढ वर्णमालेत तो नाही म्हणून आपण ‘ळ’ लिहितो आणि पुढे जातो. ज्यांनी आपल्या ‘घ’साठी अक्षराच्या माथ्यावर आकडा घातला, त्यांच्या भाषेचे नावही आपण नीट लिहीत नाही. लिपी सुधारण्याची ही सूचना नव्हे. परक्याच्या उच्चाराला आपल्या पानावर त्याच्या स्वतःच्या रूपाने जागा करून देणे, एवढे काम मराठी कथा-कादंबरीने हाती घ्यावे. आणि ते प्रथम करावे लागेल ते परक्यांच्या वस्तीत राहणाऱ्या तुम्हां-आम्हांलाच.